पिकअपचे ब्रेक पेडल बदलताना : मोजमाप, क्रम आणि तपासणी

पिकअपच्या ब्रेक पेडलची असेंब्ली बदलणे हे काम दिसायला चार नट आणि एक पिन एवढेच असते आणि म्हणूनच ते घाईत उरकले जाते. सोयाबीन काढणीच्या किंवा मोसंबीच्या हंगामात गाडी एक दिवसही उभी ठेवणे मालकाला परवडत नाही. त्यामुळे जुने पेडल काढले, नवे चढवले, दोनदा पाय मारून पाहिला आणि गाडी मोंढ्याकडे रवाना केली, असे सर्रास चालते. अशीच गाडी दुसऱ्या दिवशी चाके तापवून, ब्रेकचे लायनर (चाक घासून थांबवणारे अस्तर) जळाल्याचा वास घेऊन परत येते. यात चूक बहुधा नट कसण्यात झालेली नसते. ती झालेली असते जुने पेडल काढण्याआधी मोजमाप न घेण्यात आणि नवे बसवल्यावर जुळवणीचा क्रम उलटा करण्यात. या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त भर दिला आहे.

पुढील क्रम समोर बॉनेट, डॅशबोर्डखाली टांगलेले पेडल आणि इंजिनाच्या बाजूला व्हॅक्यूम बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) असलेल्या पिकअपसाठी आहे. सीटखाली इंजिन असलेल्या छोट्या मालवाहू गाड्यांची रचना वेगळी असते, त्यांना हा क्रम जसाच्या तसा लावू नये. ज्याने ब्रेकचे काम यापूर्वी कधीच केलेले नाही, त्याने पहिले काम जाणत्या मेकॅनिकच्या सोबतीने करावे.

टप्पा १ : दोष खरोखर पेडलचाच आहे का?

पेडल असेंब्लीमध्ये पेडलचा दांडा, तो ज्यावर फिरतो तो शाफ्ट, शाफ्टवरचे नायलॉनचे बुश, परतीची स्प्रिंग, रबरी स्टॉपर आणि हे सारे धरून ठेवणारी पत्र्याची ब्रॅकेट एवढे भाग येतात. बऱ्याच गाड्यांत क्लचचे पेडलही त्याच ब्रॅकेटवर असते. ब्रेकचा दाब तयार करणारे मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यात मोडत नाहीत. तरीही त्यांच्या दोषापायी पेडल बदलले जाते, पैसे जातात आणि ब्रेक होता तसाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी लक्षणे नीट ओळखावीत.

पेडल हाताने धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. ते ठळकपणे हलत असेल, दाबताना कट्कन आवाज येत असेल, पाय काढल्यावर पेडल आळसावल्यासारखे उशिरा वर येत असेल, दांडा वाकलेला असेल किंवा ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ बारीक चीर दिसत असेल, तर दोष असेंब्लीचाच आहे. काळ्या मातीच्या भागात बुश झिजण्याचे मोठे कारण म्हणजे पायांना लागून केबिनमध्ये आलेला चिखल. तो वाळतो, त्याची भुकटी बुशात शिरते आणि सहाणेसारखी बुश खात राहते.

याउलट, इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम दाबाने अर्धा मिनिट धरल्यावर ते हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडरच्या आतील वॉशर गेलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर ब्रेकच्या पाइपांत हवा असण्याची शक्यता मोठी. आणि पेडल दगडासारखे कडक लागत असेल तर बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी आणि व्हॅक्यूम पंप आधी तपासावा. या तिन्ही दोषांवर नवे पेडल हा उपाय नाही.

सावधान : वाकलेला किंवा चीर गेलेला पेडलचा दांडा वेल्डिंगवाल्याकडे नेऊन जोडून घेऊ नये. घाबरून ब्रेक मारताना माणूस सगळा भार त्या एका दांड्यावर टाकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा लोखंडाचा भाग ठिसूळ झालेला असेल, तर तो नेमका त्याच क्षणी तुटतो. येथे काटकसरीला जागा नाही.

टप्पा २ : सुटा भाग आणि हत्यारे

नुसते मॉडेलचे नाव सांगून भाग मागवू नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पेडलची ब्रॅकेट, पिनचे छिद्र आणि ब्रेक स्विचची (पेडल दाबल्यावर मागचे लाल दिवे लावणाऱ्या स्विचची) जागा बदललेली असते, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत आणि त्याआधीच्या गाड्यांत फरक असू शकतो. चेसिस क्रमांक देऊन भाग घ्यावा. सोबत नवी क्लेव्हिस पिन (पेडलला बूस्टरच्या दांड्याशी जोडणारी पिन), ती निसटू नये म्हणून तिच्या टोकात घालायच्या दोन-तीन नव्या स्प्लिट पिना किंवा त्या गाडीला लागते ती क्लिप, ब्रॅकेटचे सेल्फ-लॉकिंग नट आणि बूस्टर व पत्रा यांच्यामधले पॅकिंग मागवून ठेवावे. ब्रेक स्विचचा प्लास्टिकचा भाग घासलेला असेल तर तोही याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण पुन्हा तेवढ्यासाठी डॅशबोर्डखाली शिरणे कोणालाच नको असते.

हत्यारांत रिंग पाने, सॉकेटचा संच, लांब आणि आखूड असे दोन एक्स्टेन्शन, वाकणारा जॉइंट, बारीक तोंडाची पक्कड, पेचकस, टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच नट कसता येतो असा पाना), स्टीलची पट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, थोडा पांढरा ऑईल पेंट आणि बुशसाठी ग्रीस लागेल. नायलॉनला चालणारे सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसच वापरावे. याशिवाय एक माणूस मदतीला हवाच. हे काम एकट्याने करू नये, त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल.

टप्पा ३ : जागा आणि गाडी तयार करणे

गाडी रिकामी करून सपाट, टणक जमिनीवर लावावी. शेवटच्या चाचणीत चाके उचलायची आहेत आणि काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून फरशी किंवा सिमेंटचा कोबा असलेली जागाच निवडावी. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. काम चालू असताना पायाचा ब्रेक नसणार, हे विसरू नये.

बॅटरीची ऋण तार काढावी. एअरबॅग असलेल्या गाडीत तार काढल्यावर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच स्टिअरिंगखाली हात घालावा. त्यानंतर इंजिन बंद असतानाच पेडल आठ-दहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवावा. पेडल कडक झाले की तो संपला असे समजावे.

ड्रायव्हरची सीट मागे सरकत असेल तर पूर्ण मागे घ्यावी, सरकत नसेल तर सरळ खोलून बाहेर ठेवावी. सीट न काढता मान वाकडी करून काम करणाऱ्याला वरचा बोल्ट दिसत नाही. तो अंदाजाने पाना लावतो आणि बोल्टचे डोके गोल करून बसतो.

पायाखालची मॅट काढावी. पावसाळ्यात अनेक ड्रायव्हर मॅटवर पोत्याचा तुकडा अंथरतात, त्यावर दुसरा तुकडा येतो, मध्ये चिखलाचा थर जमतो. हे सगळे काढून खालचा पत्रा उघडा करावा, कारण पुढची सगळी मोजमापे त्या पत्र्यापासून घ्यायची आहेत. मी एका गाडीत पेडलच्या स्टॉपरपाशी अडकलेले सोयाबीनचे दाणे पक्कडीने काढले आहेत. त्या दाण्यांमुळे पेडल पूर्ण वर येत नव्हते आणि मागचे लाल दिवे दिवसभर जळत होते. त्या गाडीला नव्या पेडलची गरजच नव्हती.

टप्पा ४ : काढण्याआधीची मोजमापे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. एक कागद घ्यावा आणि पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. पेडलची उंची. उघड्या पत्र्यापासून पेडलच्या रबराच्या मध्यापर्यंतचे अंतर, पेडल मोकळे असताना.

२. फ्री प्ले. पेडल बोटाने हलकेच दाबताना, पुशरॉडचा (पेडलचा जोर बूस्टरमध्ये नेणाऱ्या दांड्याचा) विरोध जाणवेपर्यंत ते जेवढे सरकते तेवढे अंतर. हे व्हॅक्यूम संपवलेला असतानाच मोजावे, नाहीतर बोटाला विरोध कळत नाही.

३. पुशरॉडची लांबी. बूस्टरच्या पत्र्यापासून फोर्कमधल्या (रॉडच्या टोकाच्या दुबेळक्यातल्या) पिनच्या छिद्राच्या मध्यापर्यंत.

४. ब्रेक स्विच किती आत आहे. त्याच्या चेकनटच्या (जागा पक्की धरून ठेवणाऱ्या नटाच्या) बाहेर किती आटे दिसतात ते मोजावे.

पुशरॉडवरच्या चेकनटच्या जागी आट्यांवर आणि नटावर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढावी. मोबाईलवर स्प्रिंगची दिशा, वायरची वाट आणि पिनचे डोके कोणत्या बाजूला आहे याचे जवळून फोटो घ्यावेत. जुने पेडल वाकलेले असेल तर त्याची उंची चुकीची असणार हे उघड आहे, तरीही ती लिहावी. जुळवणीचा खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा असला, तरी जुना आकडा आपण कुठून कुठे आलो हे दाखवतो.

तपासणी : चारही आकडे कागदावर आले का? नसतील तर येथेच थांबावे. एकदा पिन निघाली की हे आकडे परत मिळत नाहीत.

टप्पा ५ : जुनी असेंब्ली काढणे

डॅशबोर्डखालचे प्लास्टिकचे कव्हर आणि मध्ये येणारी हवेची नळी काढावी. ब्रेक स्विचचा कनेक्टर त्याची खटकी दाबून सोडवावा, वायरला धरून ओढू नये. गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत येथील वायर उंदरांनी कुरतडलेली सापडते, तेवढ्यात तीही पाहून घ्यावी. स्विचचा चेकनट सैल करून स्विच मागे घ्यावा किंवा काढून ठेवावा. ज्या गाडीत स्विच फिरवून खटकीने बसतो, तेथे जोर न लावता मॅन्युअलमधली पद्धत पाळावी.

परतीची स्प्रिंग काढताना तिचे एक टोक पक्कडीने घट्ट धरावे आणि चेहरा बाजूला ठेवावा. नंतर स्प्लिट पिनचे पाय सरळ करून ती ओढावी आणि क्लेव्हिस पिन बाहेर घ्यावी. पिन गंजून अडकली असेल तर हातोड्याने थेट ठोकू नये. तो धक्का पुशरॉडमधून बूस्टरच्या आत पोहोचतो. गंज सोडवणारे तेल टाकून दहा मिनिटे थांबावे आणि पिन गोल फिरवत बाहेर काढावी.

क्लच पेडल त्याच ब्रॅकेटवर असेल तर त्याची केबल किंवा क्लच मास्टर सिलिंडरचा दांडाही याच वेळी सोडवावा.

आता मुख्य नट. बहुतेक गाड्यांत बूस्टरचे चार स्टड (त्याला पक्के बसवलेले आट्यांचे दांडे) इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येतात आणि त्यांच्यावरचे तेच चार नट बूस्टरलाही धरतात आणि पेडलच्या ब्रॅकेटलाही. म्हणजे आतून नट काढले की बाहेरचा बूस्टर मोकळा होतो. बूस्टरच्या तोंडाशी मास्टर सिलिंडर आहे आणि त्याला ब्रेकचे लोखंडी पाइप जोडलेले आहेत. बूस्टर खाली लोंबला तर सगळे वजन त्या पाइपांवर येते. पाइप मुडपतो किंवा त्याच्या नटापाशी बारीक चीर जाते. ती चीर त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी, भरलेल्या गाडीखाली ती दिसते.

म्हणून दुसरा माणूस बॉनेटपाशी उभा करावा. त्याने बूस्टर दोन्ही हातांनी खालून तोलून धरावा आणि मगच आतल्याने शेवटचे दोन नट काढावेत. बूस्टर ओढून लांब न्यायचा नाही. ब्रॅकेट स्टडवरून सुटेल एवढाच, पाइपांना ताण न येता तो पुढे सरकला की पुरे. त्याला खालून लाकडी ठोकळ्याचा किंवा कापडी पट्ट्याचा आधार द्यावा आणि मग मदतनीसाने हात सोडावा.

ब्रॅकेटचा वरचा बोल्ट डॅशबोर्डच्या आडव्या दांड्याला असतो. काही गाड्यांत स्टिअरिंग कॉलमही त्याच ब्रॅकेटला टांगलेला असतो. तसे असेल तर कॉलमला आधार देऊनच त्याचे बोल्ट सोडावेत आणि स्टिअरिंगचे चाक फिरू नये म्हणून ते सरळ स्थितीत बांधून ठेवावे. आता असेंब्ली थोडी तिरपी करून खाली काढता येते. ती अडकली तर ओढू नये. कुठेतरी एखादी वायरची क्लिप किंवा एक बोल्ट राहिलेला असतो.

सावधान : या कामात ब्रेकचा एकही पाइप खोलावा लागत नाही, त्यामुळे बरोबर केलेल्या कामानंतर ब्रेकची हवा काढण्याची गरज नसते. पाइप खोलावाच लागला किंवा गळती झाली, तर मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकांची हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नये. ब्रेक ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, ते रंग खाते.

टप्पा ६ : जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहणे

दोन्ही असेंब्ली एका फळीवर एकमेकींना लागून ठेवाव्यात. शाफ्टपासून पिनच्या छिद्रापर्यंतचे आणि शाफ्टपासून रबरापर्यंतचे अंतर दोन्हींत सारखे आहे का, हे पट्टीने मोजावे. या दोन अंतरांच्या प्रमाणावर पायाचा जोर किती पटीने बूस्टरला पोहोचणार हे ठरते. पिनचे छिद्र काही मिलिमीटर जरी वरखाली असले तरी ब्रेक वेगळाच लागतो. स्टॉपरची जागा आणि स्विचचे छिद्रही जुळवून पाहावे. फरक दिसला तर भाग परत करावा, कानस मारून बसवू नये.

नवी पिन नव्या छिद्रात आणि पुशरॉडच्या जुन्या फोर्कमध्ये घालून हलवून पाहावी. जुन्या फोर्कचे छिद्र लांबुळके झालेले असेल तर नव्या पेडलनेही खडखड जाणार नाही, फोर्क बदलावा लागेल. बुशांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर धुळीला तोटा नाही.

टप्पा ७ : नवी असेंब्ली बसवणे

क्रम काढण्याच्या उलट आहे, पण दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. पहिली, पत्र्यावरचे जुने पॅकिंग खरवडून साफ करावे आणि नवे बसवूनच बूस्टर मागे आणावा, नाहीतर इंजिनाची गरम हवा, धूर आणि पावसाचे पाणी केबिनमध्ये येते. दुसरी, सगळे नट आणि वरचा बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे चढवावेत आणि मगच पाना लावावा. एक नट पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे गेल्यास ब्रॅकेट तिरपी बसते, शेवटचा बोल्ट छिद्रात येत नाही आणि जोर लावला की आटे जातात. चारही नट तिरक्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत कसावेत.

पुशरॉडचा फोर्क पेडलवर आणून क्लेव्हिस पिन जुन्या दिशेनेच घालावी आणि नव्या स्प्लिट पिनचे दोन्ही पाय पूर्ण वळवावेत. स्प्रिंग लावावी.

सावधान : स्प्लिट पिनच्या जागी खिळा, बाइंडिंगची तार किंवा जुनीच पिन कधीही वापरू नये. ही पिन गळाली तर क्लेव्हिस पिन सरकते. मग पेडल तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागतच नाही, मास्टर सिलिंडर कितीही नवे असो. कन्नडच्या घाटात दीड टन माल घेऊन उतरताना हे घडले तर काय होईल, ते लिहून सांगण्याची गरज नाही.

टप्पा ८ : जुळवणी

आता या कामाचा गाभा. तो नीट कळावा म्हणून माझ्याच हातून झालेली चूक आधी सांगतो.

अंबडकडून मोसंबी घेऊन जालन्याला जाणाऱ्या एका पिकअपचे पेडल मी बदलले होते. नवे पेडल बसल्यावर मला ते थोडे खाली वाटले, म्हणून मी पुशरॉडचा चेकनट सैल केला आणि रॉड दीड-दोन फेरे लांब केला. पेडल काही वर आले नाही, मात्र ब्रेक एकदम टचवर, म्हणजे पाय टेकताच, लागू लागला. ड्रायव्हरने दोनदा दाबून पाहिले, त्याला ते आवडले आणि गाडी गेली. तासाभराने त्याचा फोन आला की गाडी ओढत नाही आणि चाकांतून वास येतो आहे. मी पोहोचलो तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये होती, हँडब्रेक सोडलेला होता, आणि तीन माणसे ढकलत असतानाही ती बांधल्यासारखी जागची हलत नव्हती. ड्रमजवळ हात नेववत नव्हता. चाकांना दगड लावून मी डॅशबोर्डखाली शिरलो, ब्रेक स्विच मागे घेतला, रॉड होता तेवढा आखूड केला. पेडल किंचित वर आले. दगड काढले आणि बोटाने ढकलावी तशी गाडी पुढे सरकली.

घडले होते ते असे. पेडलची वर येण्याची हद्द स्विचने अडवलेली होती. ती अडवलेली असताना मी रॉड लांब केला, त्यामुळे पेडल वर जाण्याऐवजी रॉड बूस्टरच्या आत ढकलला गेला. बूस्टर किंचित लागलेला राहिला आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टनही किंचित पुढे राहिला. पिस्टन पूर्ण मागे आला तरच सिलिंडर आणि वरच्या टाकीला जोडणारे एक बारीक छिद्र उघडे राहते आणि तापून फुगलेले ऑईल त्यातून टाकीत परत जाते. ते छिद्र बंद राहिले की ऑईल तापते, फुगते, लायनर आणखी दाबते, चाक आणखी तापते आणि हे चक्र गाडी थांबेपर्यंत चालते. परभणीच्या उन्हाळ्यात, रस्ताच जिथे तापलेला असतो, तिथे याला फार किलोमीटर लागत नाहीत. पेडल दाबताना कडक आणि टचवर लागते म्हणून ब्रेक चांगला, हा समज यासाठी घातक आहे.

म्हणून जुळवणीचा क्रम पुढीलप्रमाणेच ठेवावा. इंजिन बंद, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवलेला.

१. ब्रेक स्विच पूर्ण मागे घ्यावा, इतका की तो पेडलला शिवतच नाही.

२. पेडलची उंची मोजावी. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा ती वेगळी असेल तर चेकनट सैल करून पुशरॉड फिरवावा. येथे घाई नको. रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे बहुधा एक ते दीड मिलिमीटर, पण पेडलचे रबर त्याच्या तीन-चार पट सरकते. म्हणजे एका फेऱ्यात पेडल चार-पाच मिलिमीटर वरखाली होते. पाव फेरा फिरवावा, मोजावे, पुन्हा पाव फेरा.

३. उंची जमली की चेकनट कसावा आणि पुन्हा मोजावी. कसताना रॉड थोडा फिरतोच, म्हणून रॉड एका पान्याने धरून ठेवावा.

४. आता स्विच पुढे आणावा. त्याचा आटे असलेला भाग आणि पेडलवरचा स्टॉपर यांच्यात मॅन्युअलमध्ये दिलेली बारीक फट ठेवावी आणि स्विचचा चेकनट कसावा. आपोआप जुळणारा स्विच असेल तर तो फक्त दिलेल्या पद्धतीने बसवावा.

५. सर्वांत शेवटी फ्री प्ले. बोटाने दाबून, पट्टी लावून मोजावा. तो काही मिलिमीटरच असतो, पण असलाच पाहिजे. तो शून्य असेल तर स्विच पेडलला दाबून धरतो आहे का हे आधी पाहावे, रॉडला त्यानंतर हात लावावा. फारच जास्त असेल तर पिन, फोर्क आणि बुश पुन्हा तपासावेत.

तपासणी : चौथ्या टप्प्यात घेतलेल्या पुशरॉडच्या लांबीशी आताची लांबी ताडून पाहावी. मोठा फरक असेल आणि जुने पेडल वाकलेले नव्हते, तर कुठेतरी चूक आहे. नवे पेडल वेगळ्या मापाचे तरी आहे, नाहीतर ब्रॅकेट नीट टेकलेली नाही.

टप्पा ९ : उभ्या गाडीवरची चाचणी

बॅटरी जोडावी. चाकांचे ठोकळे अजून तसेच राहू द्यावेत आणि गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. पेडल दाबले की मागचे लाल दिवे लागले पाहिजेत आणि सोडले की विझले पाहिजेत. दिवे लागून राहत असतील तर स्विच जास्त मागे राहिला आहे. बीएस-६ गाडीत या स्विचचा सिग्नल इंजिनाच्या कंप्युटरलाही जातो, त्यामुळे डॅशवर चेतावणीचा दिवा आला तर कनेक्टर आणि स्विचची जागा पुन्हा पाहावी.

इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करावे, दाबून धरावे आणि इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. त्यानंतर मिनिटभर इंजिन चालवून बंद करावे आणि थांबत थांबत तीनदा दाबावे. प्रत्येक वेळी पेडल आधीपेक्षा थोडे वर थांबले पाहिजे. तसे होत नसेल तर व्हॅक्यूम कुठून तरी सुटतो आहे, आधी बूस्टरवरची नळी पाहावी. शेवटी पेडल जोराने दाबून धरावे आणि मदतनीसाने आत ब्रॅकेटकडे, बाहेर बूस्टरच्या बुडाशी पाहावे. कुठेही पत्रा लवता किंवा नट हलता कामा नये.

आता चाके. एका वेळी एकच टोक उचलावे. आधी पुढची बाजू, मग ती खाली घेऊन मागची. मागची उचलताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमिनीवरच्या पुढच्या चाकांचे ठोकळे पक्के आहेत याची खात्री करावी. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. प्रत्येक चाक हाताने फिरवावे, मदतनीसाला पेडल दाबून सोडायला सांगावे आणि लगेच पुन्हा फिरवावे. सोडल्याक्षणी चाक आधीइतकेच मोकळे फिरले पाहिजे. एकच चाक अडत असेल तर दोष त्या चाकाच्या ब्रेकमध्ये आहे. दोन्ही टोकांची चाके अडत असतील तर आठव्या टप्प्याकडे परत जावे.

टप्पा १० : रस्त्यावरची चाचणी

मॅट परत घालताना ती पेडलच्या वाटेत येत नाही ना, हे पेडल तळापर्यंत दाबून पाहावे. पोत्याचा तुकडा परत घालू नये. ड्रायव्हरने हट्ट धरला तरी घालू नये.

पहिली चाचणी अंगणात, पायी चालण्याच्या वेगाने. दुसरी रिकाम्या, सरळ रस्त्यावर, कमी वेगात हलका ब्रेक देऊन. गाडी एका बाजूला ओढत नाही आणि पेडल प्रत्येक वेळी एकाच उंचीवर परत येते, एवढे पटल्यावर आठ-दहा किलोमीटर चालवावी आणि या अंतरात ब्रेक शक्य तितका कमी वापरावा. मग सपाट जागी, उतारावर नव्हे, गाडी न्यूट्रलमध्ये आपोआप थांबू द्यावी. आधी ती अखडल्यासारखी थांबते की घरंगळत थांबते ते पाहावे, मग उतरून हाताची मागची बाजू चारही चाकांच्या जवळ, न टेकवता, नेऊन उष्णता ताडावी. ब्रेक न वापरता चाके तापली असतील तर गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणीही ओतू नये, त्याने ते तडकतात.

माल भरून पहिली फेरी शक्यतो सपाट रस्त्याची ठेवावी. बीडकडचा मांजरसुंब्याचा घाट किंवा कन्नडचा घाट पहिल्याच दिवशी नको. पहिल्या आठवड्यात गाडी पुन्हा बोलवावी, डॅशबोर्डखाली बॅटरी मारून चारही नट टॉर्क पान्याने तपासावेत, स्प्लिट पिनचे पाय पाहावेत आणि पट्टी लावून उंची व फ्री प्ले मोजून कागदावरच्या आकड्यांशी जुळवावेत. पुशरॉडच्या चेकनटवर शेवटच्या कसणीनंतर पेंटची नवी रेघ ओढलेली असेल, तर तो हलला की नाही हे एका नजरेत कळते. तो कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून द्यावा.